जमिनीस न टेकता उतरण्याची विद्या

विमान आकाशात चढते तेव्हा पाहणाऱ्यांच्या माना आपोआप वर होतात. ते उतरते तेव्हा मात्र बहुतेकांचे लक्ष आपापल्या सामानाकडे असते. वैमानिकांच्या जगात रीत याच्या उलट आहे. तेथे चढण्याचे कौतुक बेताचे आणि उतरण्याची काळजी मोठी. उंचावर झालेली चूक सावरावयास खाली पुष्कळ हवा शिल्लक असते. जमिनीपासून चार हातांवर झालेली चूक सावरावयास काहीच उरत नाही. म्हणून विमान चालविणे शिकणाऱ्याचा निम्मा घाम उतरण्याच्या सरावातच गळतो.

हा सराव करण्याची रूढ पद्धत सोपी आहे. विमान धावपट्टीवर आणावयाचे, चाके टेकवावयाची, आणि ते थांबण्यापूर्वीच इंजिनांना जोर देऊन पुन्हा वर न्यावयाचे. एक फेरी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही, हाच या शिक्षणामागचा न्याय होय. परंतु या न्यायाची किंमत विमानाच्या टायरांना मोजावी लागते. हवेतून येणारे चाक फिरत नसते. खालची जमीन मात्र ताशी दोनअडीचशे किलोमीटरच्या वेगाने मागे धावत असते. स्थिर चाक आणि धावती जमीन यांची गाठ पडते त्या क्षणी चाक फरफटते, निळसर धूर निघतो, आणि चाकाला जमिनीचा वेग येईपर्यंत त्याचे रबर काँक्रीटवर घासले जाते. मोठ्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर उतरण्याच्या जागी जे काळे पट्टे दिसतात, तो या खर्चाचा उघडा जमाखर्च होय. जेट विमान जितके जड आणि त्याचा वेग जितका अधिक, तितका हा खर्चही अधिक.

आता श्रोत्यांनी अशा एका विमानाची कल्पना करावी, की ज्याचे वजन उतरताना सुमारे 100 टन आहे, जे ताशी सुमारे 360 किलोमीटरच्या वेगाने जमिनीस टेकते, आणि उतरताना ज्याचे एकही इंजिन चालू नसते. चूक झाली असे ध्यानात आले तरी ज्याला पुन्हा वर जाता येत नाही. ज्याच्या मुख्य चाकांचे टायर एका उतरण्यानंतर काढून टाकावे लागतात. असे विमान उतरविण्याचा सराव करावयाचा कसा? पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही हे खरे. पण ज्या पाण्यात एकदाच पडता येते, त्यात पोहावयास शिकवावे तरी कोणी?

हे विमान काल्पनिक नव्हे. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या स्पेस शटल यानांनी 1981 ते 2011 या तीस वर्षांत 135 मोहिमा केल्या. ही याने अग्निबाणाप्रमाणे वर जात आणि परतताना विमानाप्रमाणे पंखांवर तरंगत उतरत. त्यांच्या वैमानिकांना उतरावयास शिकविण्यासाठी जी व्यवस्था उभारली गेली, तिचा इतिहास अवकाशाच्या मोठ्या गोष्टींत सहसा झाकून जातो. वस्तुतः माणसाला एखादी अवघड क्रिया तिची नासाडी न करता कशी शिकविता येते, याचे तो इतिहास म्हणजे एक उत्तम उदाहरण आहे.

महाराष्ट्रातील तालमींत तलवारीचे हात शिकविताना शिष्याच्या हाती पहिल्याच दिवशी तलवार देत नसत. आधी फरी आणि गदका. गदक्याने अंग तयार होते, नजर बसते, पाय कोठे टाकावा ते कळते. रक्त मात्र सांडत नाही. शटलच्या वैमानिकांसाठीही असाच गदका शोधावा लागला. त्याची परंपरा शटलच्याही आधीची आहे. 1959 ते 1968 या काळात अमेरिकेत एक्स-15 नावाच्या अग्निबाणयुक्त विमानाची 199 उड्डाणे झाली. बी-52 या प्रचंड बाँबफेकी विमानाच्या पंखाखालून ते हवेत सोडले जाई. थोडा वेळ अग्निबाण पेटे आणि नंतर इंजिनाविना तरंगत ते कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स येथील विस्तीर्ण कोरड्या तळ्यावर उतरे. त्याला मागील बाजूस चाके नव्हतीच. पोलादी घसरपट्ट्या होत्या. टायर झिजण्याचा प्रश्न त्या रचनेने मुळातच टाळला होता. परंतु इतक्या तीव्र उतारावरून येणारे विमान सावरावे कसे, हा प्रश्न उरलाच. त्यासाठी एफ-104 या लढाऊ जेट विमानाचा उपयोग करण्यात आला. त्याची चाके आणि पंखांच्या झडपा खाली सोडून आणि इंजिनाचा जोर कमी करून ते मुद्दाम वाईट रीतीने तरंगावयास लावीत. चांगल्या विमानाला वाईट विमानाचे सोंग घ्यावयास लावावयाचे, ही युक्ती तेव्हापासून रूढ झाली. एक्स-15 चालविणाऱ्यांपैकी जो एंगल हे वैमानिक पुढे 1981 च्या नोव्हेंबरात शटलच्या दुसऱ्या मोहिमेचे नायक झाले. जुनी तालीम आणि नवा आखाडा यांना जोडणारा असा माणूस हाताशी असणे हे त्या कार्यक्रमाचे भाग्यच म्हणावयाचे.

शटल उतरविणे किती नाजूक काम आहे याचा धडा अवकाशात जाण्यापूर्वीच मिळाला. एंटरप्राइझ नावाचे एक शटल केवळ वातावरणातील परीक्षेसाठी बांधलेले होते. बोइंग 747 या विमानाच्या पाठीवर बसवून ते वर नेत आणि तेथे सोडून देत. 12 ऑगस्ट 1977 रोजी ते पहिल्यांदा असे मोकळे उतरले. पहिल्या चार खेपांना ते कोरड्या तळ्यावर उतरले. तेथे जागा अफाट होती, चार पावले मागेपुढे झाली तरी बिघडत नसे. पाचव्या खेपेस, 26 ऑक्टोबर 1977 रोजी, त्याला काँक्रीटच्या धावपट्टीवर ठरलेल्या जागी टेकवावयाचे होते. फ्रेड हेझ आणि गॉर्डन फुलर्टन हे दोघे वैमानिक होते. जागा साधण्याच्या घाईत हेझ यांच्या हाताच्या हालचाली जलद झाल्या. यानाची यंत्रणा त्या आज्ञा किंचित उशिरा पाळीत होती. तो उशीर भरून काढण्यासाठी हात अधिक जोराने फिरले, आणि यान डोलू लागले. चाके टेकली, यान उसळून पुन्हा हवेत गेले, एका बाजूस कलले, आणि अखेरीस नीट बसले. अपघात झाला नाही. पण पाहणाऱ्यांना घाम फुटला. वैमानिक जितका दक्ष, तितके यान अधिक डोलते, असा हा विचित्र दोष होता. पुढील वर्षी एफ-8 या जेट विमानात हाताची आज्ञा आणि तिचा परिणाम यांच्या दरम्यान मुद्दाम विलंब घालून उतरण्याचे प्रयोग झाले, आणि शटलच्या यंत्रणेत हा दोष आवरणारी सुधारणा करण्यात आली.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जमिनीवरील खोलीत, पडद्यावरचे चित्र पाहून, हा सराव पुरता होणार नव्हता. खोलीत बसलेल्या वैमानिकास ठाऊक असते की चुकले तरी चहाच्या वेळी घरी जाता येईल. खरी धावपट्टी खरोखर अंगावर येऊ लागली म्हणजे हाताची जी पकड घट्ट होते, ती तेथे होत नाही. आणि घोटाळा तर त्या घट्ट पकडीतच होता. म्हणून खऱ्या आकाशात, खऱ्या वेगाने, खऱ्या धावपट्टीवर सराव हवा होता. मात्र त्यात यानाची हानी होता कामा नये, टायरांचा चुराडा होता कामा नये, आणि दिवसातून अनेक वेळा तो करता आला पाहिजे.

यासाठी नासाने गल्फस्ट्रीम-2 हे विमान निवडले. हे मूळचे श्रीमंत व्यापाऱ्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या प्रवासाचे, दोन जेट इंजिनांचे, सुखकर विमान. पहिली दोन विमाने 1976 च्या सुमारास तयार झाली. पुढे त्यांची संख्या चार झाली. या गुळगुळीत, देखण्या विमानाला त्या अवजड यानाचे सोंग घ्यावयास लावण्यासाठी जे जे करण्यात आले, ते ऐकून कोणाही विमानरचनाकाराने कपाळावर हात मारावा. मुख्य चाके उंच आकाशातच खाली सोडावयाची, म्हणजे हवेचा अडथळा वाढेल. नाकाचे चाक मात्र आत ठेवावयाचे, कारण तेवढ्या वेगाचा वारा त्याला सोसत नाही. इंजिनांचा झोत उडत्या विमानातच उलटा फिरवावयाचा. एरवी हा उलटा झोत विमान जमिनीस टेकल्यावर वेग मोडण्यासाठी वापरतात. पंखांच्या झडपा खाली वळतात तशाच वरही वळवावयाच्या, म्हणजे पंखांची उचल कमी होईल. सारांश, विमानाला हवेत धरून ठेवणारे जे काही होते ते बिघडवावयाचे आणि खाली पाडणारे जे काही होते ते वाढवावयाचे. या सर्वांवर एका गणकयंत्राची नजर असे. वैमानिकाचा हात हालला की शटलने काय केले असते याचा हिशेब ते क्षणाक्षणाला करी आणि गल्फस्ट्रीमकडून तेच करवून घेई.

विमानाच्या पुढच्या कक्षात दोन आसने होती. उजवीकडे शिक्षक, त्याच्यापुढे गल्फस्ट्रीमची मूळ साधने. डावीकडे शिष्य; त्याच्यापुढे शटलची साधने आणि शटलचाच दांडा. त्याच्या बाजूच्या काचांवर झाकणे बसवून, शटलच्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच दिसेल अशी व्यवस्था केलेली. सुमारे 28,000 फुटांवर सोंग सुरू होई. नाक खाली जाई आणि विमान जवळजवळ 20 अंशांच्या उतारावरून, ताशी सुमारे 550 किलोमीटरच्या वेगाने, धावपट्टीकडे झेपावे. प्रवासी विमानाचा उतार अवघा 3 अंशांचा असतो. प्रवासी विमान मिनिटास सातआठशे फूट उतरते. हे मिनिटास सुमारे 10,000 फूट उतरे. डोंगराच्या कड्यावरून सोडलेल्या दगडाला पंख फुटावेत, तसे. जमिनीपासून सुमारे 2,000 फुटांवर नाक हळूहळू वर घ्यावयाचे, उतार मोडावयाचा, आणि वेग कमी होत असतानाच धावपट्टीवर सपाट यावयाचे. हे सारे आटोपावयास तीन मिनिटेही लागत नसत.

आणि येथेच या विद्येचे मर्म आहे. शटल हे उंच यान होते. त्याची मागील चाके जमिनीस टेकतात तेव्हा वैमानिकाचा डोळा जमिनीपासून सुमारे 32 फुटांवर असतो. गल्फस्ट्रीम लहान, त्याची चाके टेकली असता डोळा त्याहून पुष्कळ खाली येतो. वैमानिकाला उंचीचा अंदाज डोळ्याने बांधावयाचा असतो. गल्फस्ट्रीमच्या उंचीवर बसलेली नजर शटलमध्ये गेल्यावर दगा देणार. म्हणून असे ठरविण्यात आले, की शिष्याचा डोळा 32 फुटांवर आला म्हणजे यान उतरले असे समजावयाचे. त्या क्षणी गल्फस्ट्रीमची चाके जमिनीपासून सुमारे 20 फूट अधांतरी असत. वेग आणि उंची बरोबर साधली असेल तर पुढील फलकावर एक हिरवा दिवा लागे. तो दिवा म्हणजेच जमिनीचा स्पर्श. दिवा लागला की शिक्षक सोंग संपवी, उलटा झोत पूर्ववत करी, आणि विमान धावपट्टीवरून तसेच वर निघून जाई. नाकाचे चाक शेवटच्या दीडएकशे फुटांवर खाली सोडलेले असे. पण ते केवळ अंदाज चुकून विमान खरोखरच टेकले तर असावे म्हणून.

ही योजना मुळात टायर वाचविण्यासाठी केलेली नव्हती. ती डोळ्यासाठी केलेली होती. पण तिचा लाभ टायरांच्या पदरात आपोआप पडला. एका उड्डाणात साधारण दहा वेळा हा उतार उतरला जाई. दहाही वेळा धावपट्टीवर रबराचा कणदेखील उरत नसे. विमान अखेरीस एकदाच, आपल्या नेहमीच्या सौम्य वेगाने, सामान्य विमानासारखे उतरे. मोहिमेचा नायक होण्यापूर्वी प्रत्येक वैमानिकाने असे किमान 1,000 उतार केले पाहिजेत असा दंडक होता. हजार वेळा खरोखर टेकावयाचे म्हटले असते, तर तितक्या टायरांचे आणि चाकांच्या सांध्यांचे काय झाले असते याचा विचारच करावयास नको. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. येथे तळे साचले, आणि कोणाचे पाऊलही ओले झाले नाही.

परंतु प्रत्येक गदक्याला एक मर्यादा असते. गदका हात शिकवितो. धार शिकवीत नाही. हिरवा दिवा लागेपर्यंत सारे शिकून झाले, दिव्यानंतर काय? शटलच्या उतरण्याचा शेवटचा भाग, म्हणजे टायर आणि जमीन यांची गाठ, या सरावात कोठेच नव्हता. आणि तोच भाग दुबळा निघाला.

फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्राजवळ शटलसाठी मुद्दाम बांधलेली धावपट्टी 15,000 फूट लांब आणि 300 फूट रुंद आहे. भोवती दलदल, त्या दलदलीतील सुसरी ऊन खाण्यासाठी कधीकधी धावपट्टीवर येऊन पडतात. त्या प्रदेशात पाऊस फार. पाणी साचून यान घसरू नये म्हणून काँक्रीट खरखरीत ठेवलेले होते आणि त्यावर पाव इंच रुंदीच्या असंख्य आडव्या खाचा कोरलेल्या होत्या. पाण्यासाठी उपाय उत्तम. टायरसाठी मात्र ती किसणी ठरली. शटलचे टायर सामान्य नव्हते. यानाला मुख्य चाके चार आणि नाकाखाली दोन. एवढ्यांवर सारे 100 टन. मुख्य टायरांत दर चौरस इंचास सुमारे 340 पौंड दाबाने नत्रवायू भरलेला असे. मोटारीच्या टायरात हा दाब तीसपस्तीस पौंड असतो. अवकाशाची थंडी आणि निर्वात पोकळी सोसून आल्यावर त्यांनी एकदा, फक्त एकदा, काम बजावावयाचे. परंतु त्या किसणीवर पहिल्या स्पर्शालाच रबराचा थर खरवडला जाई. आणि वारा बाजूने वाहत असला, यान सरळ ठेवण्यासाठी चाके तिरपी घासू लागली, की उरलेले रबरही झपाट्याने जाई.

19 एप्रिल 1985 रोजी डिस्कव्हरी हे शटल केनेडी येथे उतरले. नायक कॅरल बॉब्को यांनी यान व्यवस्थित टेकविले. परंतु वारा बाजूचा होता. त्या काळी यान सरळ ठेवण्यासाठी एका बाजूचा ब्रेक दुसरीपेक्षा अधिक दाबावा लागे. ब्रेक तापले, बिघडले, आणि धाव संपत आली असता उजवीकडील आतला टायर फुटला. वेग तोपर्यंत उतरला होता. कोणास इजा झाली नाही. तरी हा इशारा सर्वांनी ओळखला. हेच वेग अधिक असताना झाले असते तर? त्यानंतर शटल पुन्हा केनेडीवर उतरले ते नोव्हेंबर 1990 मध्ये. मधल्या काळात सर्व उतरणी एडवर्ड्सला झाल्या, आणि प्रत्येक वेळी यानाला विमानाच्या पाठीवर बसवून देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला परत आणावे लागले.

आता प्रश्न उलटा झाला होता. वैमानिकांना जमिनीस न टेकता शिकवून झाले होते. आता जमिनीस टेकल्याने नेमके काय होते ते शिकावयाचे होते, आणि ते टायर झिजवूनच शिकता येणार होते. व्हर्जिनियातील लँग्ली येथे नासाची एक अजब गाडी होती. रुळांवरील ही सुमारे पन्नास टनांची गाडी पाण्याच्या प्रचंड झोताने ढकलली जाई, आणि तिच्या पोटाखालचे टायर काँक्रीटवर ताशी 400 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने दाबून पाहिले जात. पण रूळ लहान, धाव थोडी. हजारो फुटांची खरी धाव तेथे मिळत नव्हती. तेव्हा कॉन्व्हेअर-990 हे 1960 च्या सुमाराचे, चार इंजिनांचे जुने प्रवासी जेट विमान पुढे आणण्यात आले. त्याच्या दोन मुख्य चाकांच्या मधोमध शटलचे चाक बसविण्यात आले. विमान आपल्या चाकांवर उतरे आणि धावत असता शटलचे चाक खाली येऊन, हव्या त्या भाराने आणि हव्या त्या कोनात, धावपट्टीवर दाबले जाई. 1993 ते 1995 या काळात एडवर्ड्स आणि केनेडी या दोन्ही ठिकाणी या विमानाने टायरांची अशी परीक्षा घेतली. कित्येक टायर मुद्दाम शेवटपर्यंत झिजविण्यात आले.

या विमानाचे मुख्य वैमानिक होते गॉर्डन फुलर्टन. 1977 मध्ये एंटरप्राइझ उसळले तेव्हा ते हेझ यांच्या शेजारी बसलेले होते. 1982 च्या मार्चमध्ये कोलंबिया न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या, धुळीच्या मैदानावर उतरले तेव्हा ते त्या यानात होते; आणि 1985 मध्ये चॅलेंजरच्या एका मोहिमेचे ते नायक होते. ज्या माणसाने शटल उतरताना आतून अनुभवले, तोच आता बाहेरून त्याचे एकेक टायर झिजवून पाहत होता. गल्फस्ट्रीममध्ये चांगला वैमानिक तो, की ज्याची चाके जमिनीस लागत नाहीत. कॉन्व्हेअरमध्ये चांगला वैमानिक तो, की जो चाकाला नेमके हवे तेवढे झिजवून आणतो. एकाच उतरण्याचे हे दोन अर्धे भाग होते, आणि ते दोन निराळ्या जेट विमानांनी शिकविले.

या परीक्षांतून निघालेले निष्कर्ष कागदावर राहिले नाहीत. केनेडीच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील, म्हणजे यान टेकते त्या भागांतील, पृष्ठभाग 1988 मध्येच गुळगुळीत करण्यात आला होता. 1994 मध्ये सबंध धावपट्टीच घासून सौम्य करण्यात आली. बाजूच्या वाऱ्याची जी मर्यादा ताशी सुमारे 28 किलोमीटर होती, ती सुमारे 37 किलोमीटरपर्यंत वाढविता आली. तत्पूर्वी ब्रेक नव्या कार्बनी घडणीचे झाले होते. नाकाच्या चाकाने दिशा वळविण्याची योजना सुधारली होती. आणि मे 1992 मध्ये एंडेव्हरच्या पहिल्या मोहिमेपासून उतरल्यावर मागे मोठी छत्री उघडून वेग मोडण्याची सोय झाली. टायरवरचा भार असा चहूबाजूंनी हलका करण्यात आला.

उरला प्रश्न वैमानिकाचा. जमिनीवरून धावताना टायर फुटला तर हात कसे चालवावेत, हे त्याने कोठे शिकावयाचे? ते शिक्षण कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात मिळे. तेथे एका उंच इमारतीत विमानाचा नकली कक्ष 60 फूट वरखाली आणि 40 फूट बाजूला सरकविता येतो. टेकल्यानंतरचा धक्का, बाजूचा वारा, छत्री न उघडणे, टायर फुटणे, हे सारे त्या कक्षात हवे तितक्या वेळा घडवून आणीत. खऱ्या शटलचा एकही टायर त्यासाठी खर्ची पडत नसे.

अशा रीतीने एका उतरण्याचे तुकडे करण्यात आले, आणि प्रत्येक तुकडा जेथे तो शिकणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्धोक होते तेथे शिकविण्यात आला. आकाशातील उतार गल्फस्ट्रीममध्ये. जमिनीवरील धाव एम्सच्या नकली कक्षात. टायरचे सत्य लँग्लीच्या रुळांवर आणि कॉन्व्हेअरच्या पोटाखाली. सारे तुकडे एकत्र जुळत ते मात्र एकदाच, अवकाशातून परतल्यावर. आणि तेव्हा ते जुळलेच पाहिजेत असा नियम होता.

ते जुळले काय? शटलच्या 135 मोहिमांपैकी दोन भीषण रीतीने संपल्या. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर चढतानाच नष्ट झाले. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया परतीच्या वाटेवर, उंच वातावरणातच भंगले, आणि मूळच्या कर्नाल येथील कल्पना चावला यांच्यासह सातही प्रवासी मृत्यू पावले. ज्या आपत्ती आल्या त्या अशा ठिकाणी आल्या, की जेथे वैमानिकाच्या हाताला करण्यासारखे काहीच उरले नव्हते. परंतु जी 133 याने धावपट्टीपर्यंत पोहोचली, ती सर्व सुखरूप उतरली: 78 केनेडीला, 54 एडवर्ड्सला, आणि एक व्हाइट सँड्सला. इंजिन नाही, दुसरी संधी नाही, तरी 133 पैकी 133. हे यश कोणा एका कुशल हाताचे नव्हते. ते हजारो वेळा लागलेल्या त्या हिरव्या दिव्याचे आणि मुद्दाम झिजविलेल्या त्या टायरांचे होते.

जगातील प्रवासी विमानांच्या वैमानिकांनाही आज बहुतांश सराव नकली कक्षातच मिळतो. खऱ्या विमानात पुनःपुन्हा टेकून उठण्याचा सराव महाग असतो, आणि कधीकधी प्राणघातकही ठरतो. भारतातही 8 मार्च 1994 रोजी दिल्लीच्या पालम विमानतळावर असा सराव करणारे एक बोइंग 737 कोसळून उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानावर आदळले आणि नऊ माणसे दगावली. रबर वाचविण्याचा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटतो. पण सराव ज्या स्पर्शावाचून करता येतो तो त्याच्यावाचूनच करावा, आणि जो स्पर्श टाळताच येत नाही त्याचा निराळा व कसून अभ्यास करावा, हा त्यामागील विचार माणसे वाचविणारा आहे.

21 जुलै 2011 रोजी पहाटेच्या अंधारात अटलांटिस हे शेवटचे शटल केनेडीला उतरले. पृथ्वीवर परतणाऱ्या यानाचे डोळे 32 फुटांवर आले तेव्हा या खेपेस हिरवा दिवा लागण्याची वाट कोणी पाहत नव्हते. खाली घासून सौम्य केलेले काँक्रीट होते, मागे उघडणारी छत्री होती, आणि मुख्य चाकांचे टायर आपल्या आयुष्यातील ते एक काम करावयास सज्ज होते. त्यांनी ते केले, आणि यान स्तब्ध उभे राहिले.